म्यान, गवसणी आणि आपली ज्ञाती

‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ ही म्हण ठाऊक नाही असा मराठी मनुष्य विरळाच. ‘तलवार म्यान केली’, ‘आकाशाला गवसणी घातली’, ‘ही सगळी खोगीरभरती आहे’ हे वाक्प्रचारही आपण नित्य वापरतो. म्यान, गवसणी आणि खोगीर या तिन्ही वस्तू व्यवहारातून जवळजवळ गेल्या, परंतु भाषेत अजून ठाण मांडून बसल्या आहेत. त्या वस्तू कोणाच्या हातून घडत होत्या, हा प्रश्न मात्र बोलणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. आपल्या जिनगर ज्ञातीच्या मनात तरी तो यावयास हवा. कारण ते काम करणाऱ्या कारागिरांत आपले पूर्वज अग्रभागी होते आणि त्याच कामावरून जगाने आपल्याला नाव दिले.

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहासावर लेख लिहावयाचा म्हणजे गोत्रे, कुलदैवते व पौराणिक उत्पत्ती यांचा ऊहापोह करावयाचा, असा एक प्रघात पडून गेला आहे. तो विषय महत्त्वाचा आहे यात संशय नाही. परंतु प्रस्तुत लेखात त्याहून साध्या गोष्टीचा विचार करावयाचे योजिले आहे. पोलादाच्या पात्यावर चामड्याचे आवरण कसे चढवीत, त्यात कौशल्य कोणते होते, तो धंदा कसा लयास गेला आणि आपण त्याचे नाव घेण्यास का कचरू लागलो, एवढाच या लेखाचा आवाका आहे.

शब्दांची साक्ष

‘जीन’ हा शब्द फारसी आहे. घोड्याच्या पाठीवर बसण्याचे आसन असा त्याचा अर्थ. ‘गर’ म्हणजे करणारा. जीन करणारा तो जिनगर, इतकी ही व्युत्पत्ती सरळ आहे. ‘म्यान’ हा शब्दही फारसीतूनच आपल्याकडे आला. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचिला व दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तथापि म्यान आणि जीन हे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत. कारखान्यात, पागेत आणि बाजारात रोज लागणाऱ्या वस्तूंची नावे सहसा बदलत नाहीत.

म्यानाला संस्कृतात ‘कोश’ असाही शब्द आहे. अमरकोशात या एकाच शब्दाला फुलाची कळी, खड्गाचे आवरण आणि धनाचा साठा असे अर्थ दिलेले आहेत. शब्दांच्या साठ्यालाही आपण कोशच म्हणतो. जे नाजूक आहे, जे धारदार आहे आणि जे मोलाचे आहे, त्या सर्वांना सांभाळणाऱ्या वस्तूला आपल्या पूर्वजांनी एकच नाव दिले. सांभाळणाऱ्याच्या कामाला भाषेने किती मान दिला होता, हे यावरून ध्यानात यावे. समाजाने तो मान दिला की नाही, हे पुढे पाहू.

साधे उदाहरण: कुऱ्हाडीची गवसणी

म्यानाचे शास्त्र समजावयाचे तर प्रारंभ तलवारीपासून न करता कुऱ्हाडीपासून करावा. घरची कुऱ्हाड बहुधा उघडीच असते. काम संपले की ती ओंडक्यात रुतवून ठेवतात, नाहीतर तरटात गुंडाळून माळ्यावर टाकतात. जे हत्यार जागेवरच राहते त्याला आवरणाची निकड नसते. तेच हत्यार खांद्यावरून किंवा सामानातून दूर न्यावयाचे झाले की गवसणी लागते. तिची कामे तीन. शेजारून चालणाऱ्याला धार लागू नये, हे पहिले. दगड वा लोखंड लागून धार बोथट होऊ नये, हे दुसरे. आणि पात्यावर दव-पाऊस बसू नये, हे तिसरे.

वरवर पाहता काम अगदी सोपे वाटते. परंतु पाते कागदावर ठेवून नुसती कड आखली व तेवढे चामडे कापले, तर गवसणी हमखास तोकडी पडते. कारण पाते धारेशी पातळ आणि नेढ्याकडे जाड असते. त्या जाडीपुरते चामडे अधिक सोडावे लागते. म्हणून जाणता कारागीर कागद पात्याभोवती गुंडाळूनच माप घेतो. चामडे म्हशीचे, झाडाच्या सालीने कमावलेले, दाबले तर वाकेल पण आपण होऊन दुमडणार नाही असे निवडतो. मग ते रापीने कापावयाचे आणि जेथे पदर जुळावयाचे तेथे त्याच रापीने कड तासून पातळ करावयाची.

खरी गोम आहे ती धारेच्या बाजूला. दोन पदर एकावर एक ठेवून नुसते शिवले, तर धार थेट टाक्यांवर येते आणि थोड्याच दिवसांत दोरा कापला जातो. म्हणून दोन पदरांच्या मध्ये बोटभर रुंदीची चामड्याची तिसरी पट्टी घालतात. धार त्या पट्टीवर टेकते व टाके तिच्या आड सुरक्षित राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही पट्टी जवळजवळ दिसत नाही. परंतु गवसणी टिकते ती तिच्यामुळे.

यानंतर शिवण. आरीने सारख्या अंतरावर भोके पाडावयाची. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवावयाच्या आणि प्रत्येक भोकातून त्या दोन्ही सुया समोरासमोरून ओढून घ्यावयाच्या. या रीतीने घातलेला प्रत्येक टाका स्वतंत्रपणे आवळलेला असतो. एखादा तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. यंत्राच्या शिवणीत वरचा व खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शिवण सैल पडू लागते. हा हाताचा टाका मूळचा जीन करणाऱ्यांचा. इंग्रजीत तर त्याचे नावच जिनावरून पडले आहे. भरधाव घोड्यावरच्या स्वाराचा तंग किंवा रिकिबीची वादी ऐन वेळी उसवली, तर स्वाराचे प्राण गेले. तेव्हा जिनगराचा टाका म्हणजे शिवणकामाची हौस नव्हती, ती प्राणरक्षणाची हमी होती.

शिवण झाल्यावर गवसणी पाण्यात भिजवितात. पात्याला तेल लावून व पातळ फडक्यात गुंडाळून ते आत बसवितात आणि गुळगुळीत लाकडाने चामडे पात्याच्या आकारावर दाबून घेतात. नंतर ती सावलीत वाळवावयाची. उन्हात वाळविली तर चामडे तडकते. वाळताना चामडे आक्रसते आणि पात्याचा आकार कायमचा धरते. शेवटी दांड्याजवळ वादी व बक्कल लावले की गवसणी पुरी झाली. दुसऱ्या कुऱ्हाडीला ती नीट बसेलच असे नाही. प्रत्येक पात्याची गवसणी वेगळी, हे या कामाचे वैशिष्ट्य होय.

तलवारीचे म्यान

तलवारीचे म्यान म्हणजे हीच विद्या, परंतु अधिक अवघड परीक्षेची. तलवारीचे पाते लांब, बहुधा वाकडे, आणि ते क्षणार्धात बाहेर निघावयास हवे. नुसत्या चामड्याचे लांब आवरण कमरेला लोंबू लागले की दुमडते व पाते आत अडकते. म्हणून आत लाकूड घालीत. हलक्या, सरळ रेषेच्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या पात्याच्या वाकाप्रमाणे कापून आतून कोरीत व सरसाने जोडीत. कोरताना काळजी अशी घ्यावयाची की आत-बाहेर होताना पाते पाठीवर सरकावे, धारेवर सरकू नये. धार लाकडाला घासू लागली तर ती स्वतः बोथट होते आणि म्यानही आतून कापले जाते.

या लाकडावर शेळी-मेंढीचे पातळ कातडे किंवा मखमल चढवीत. कातडे भिजवून, खळ लावून, ताणून गुंडाळावयाचे आणि एका कडेने बारीक टाक्यांनी शिवावयाचे. वाळल्यावर ते लाकडावर असे आवळून बसे की जणू लाकडाची सालच. तोंडाशी आणि टोकाशी धातूच्या टोपणासारखे भाग बसवीत. तोंडाकडच्या भागास मोहनाळ व टोकाकडच्या भागास तहनाळ म्हणत. टोकाचे टोपण नसेल तर तलवारीची अणी लवकरच म्यान फोडून बाहेर येते. हे सर्व ज्या पट्ट्याला अडकवून खांद्यावरून कमरेशी घ्यावयाचे ते पडदळे, तेही चामड्याचेच.

चामडे आणि लोखंड यांचे नाते मोठे विलक्षण आहे. सालीने कमावलेल्या चामड्यात तुरट द्रव्य असते. त्याला लोखंडाचा अंश लागला की चामडे काळे पडते. कारागिरांनी या गुणाचा उपयोग करून घेतला: लोखंडाचा कीस व गूळ पाण्यात कुजवून ते पाणी चामड्यावर फिरविले की उत्तम काळा रंग चढतो. परंतु जे द्रव्य रंग देते तेच ओलाव्यात पात्याला डाग पाडते व गंजविते. पावसाळाभर तलवार ओलसर चामड्याला लागून राहिली तर तिची काय दशा होईल हे सांगावयास नको. म्हणून आत लाकूड, पात्याला तेल आणि वरचेवर देखभाल. आजही संग्रहालयांची व्यवस्था पाहणारे तज्ज्ञ पोलादी पाती चामड्याच्या आवरणात दीर्घकाळ ठेवू नयेत असेच सांगतात. आपल्या पूर्वजांनी रसायनशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. अनुभवाने त्यांना तेच कळले होते.

लष्कराचे गणित

मराठ्यांचे लष्कर प्रामुख्याने घोडदळाचे. बारगिराला घोडा व सरंजाम सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे शस्त्र घेऊन चाकरीस येई. यामुळे चामड्याच्या कामाला सरकारी पागा व शिलेखाना हे एक गिऱ्हाईक होते, तर गावोगावचे शिलेदार हे दुसरे. दहा हजार घोडा मोहिमेवर निघाला असे बखरीत वाचताना आपण झटकन पुढे जातो. जरा थांबून हिशेब करावा. दहा हजार घोडा म्हणजे दहा हजार जिने वा खोगिरे, तितकेच लगाम, तितकेच तंग, वीस हजार रिकिबींच्या वाद्या, आणि तलवारींची म्याने व पडदळी वेगळी. पाऊस, घाम आणि धूळ यांनी या वस्तू झिजत. तुटलेले तेथल्या तेथे सांधावे लागे.

दसऱ्याचे सीमोल्लंघन करून मोहिमा निघत. त्या अगोदरच्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रे म्यानातून काढून, घासूनपुसून पूजेला मांडण्याची चाल आहे. पावसाळ्याने बिघडलेले म्यान, कुजलेली वादी, उसवलेला तंग हे सारे त्याआधी दुरुस्त झालेले असावे लागे. लोहाराने पाते घडविले, शिकलगाराने त्याला पाणीदार धार दिली आणि जिनगराने त्याला घर दिले. यांतील एकाचेही काम राहिले तर स्वार निघू शकत नसे. इतिहासात स्वाराचे नाव येते, सरदाराचे येते, क्वचित तलवारीचेही येते. या तिघांचे येत नाही.

अडचण अशी की लाकूड व चामडे पोलादाइतके टिकत नाही. पाते तीनशे वर्षे राहते, म्यान कुजते. वाळवी, बुरशी आणि उंदीर यांच्यापुढे चामड्याचे काही चालत नाही. शिवाय म्यान झिजले की नवे करीत. जुने जपून ठेवण्याचे कारणच नव्हते. त्यामुळे संग्रहालयांतून पाती पुष्कळ दिसतात, त्यांच्याच काळातील मूळ म्याने थोडी. आपल्या कारागिरीचा पुरावा काळाने अशा रीतीने आपल्या हातून काढून घेतला.

आवरणाला इतिहासात किती महत्त्व असते याचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये सातारा येथील संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती शिवछत्रपतींची असून साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ यास मिळाली, असे जे सांगितले जाते त्याचा आधार कोणता? वाघनखांवर काहीच लिहिलेले नाही. मजकूर आहे तो ज्या पेटीत ती बसविली आहेत त्या पेटीवर, आणि ती पेटी स्कॉटलंडमध्ये तयार झालेली आहे. त्या मजकुराची खातरजमा करता येत नाही असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. वाद काही असो. शस्त्र मुके आहे आणि बोलते आहे ते त्याचे आवरण, एवढे या प्रकरणातून निश्चित दिसते.

धंदा कसा बुडाला

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच महिन्यात पुणे इंग्रजांच्या हाती गेले आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. राज्य गेले ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत येते. राज्याबरोबर पागा गेल्या, शिलेदारी गेली आणि म्यान-जिनाचे गिऱ्हाईक गेले, ही गोष्ट येत नाही. इंग्रजी फौजेला जीन व लगाम लागत होते, परंतु ते निराळ्या घडणीचे. पुढे १८६० ते १८७० या दशकात कानपूर येथे सरकारने लष्करी जीनसामानाचा मोठा कारखाना उभारला, तेव्हा घरी बसून काम करणाऱ्याला त्या व्यवहारात जागा उरली नाही.

यावर शेवटचा घाव पडला तो १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने. परवान्यावाचून तलवार बाळगणे गुन्हा ठरले. ज्याच्या घरी तलवारच राहिली नाही तो म्यान कशास करून घेईल? संस्थानांच्या दरबारांतून थोडे काम राहिले, तेही मुख्यतः शोभेचे.

या संकटात आपल्या पूर्वजांनी काय केले? १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जिनगरांच्या व्यवसायांची नोंद आहे. धातूचे ओतकाम, दगडावरील कोरीवकाम, चित्रकला, मातीच्या मूर्ती, लाकडावरील नक्षी, पेट्या, कुलपे व घड्याळे यांची दुरुस्ती अशी नाना कामे ते करीत होते असे तीत दिसते. दोन पिढ्यांपूर्वी ज्यांच्या हाती रापी होती त्यांच्या हाती आता कुंचला, छिन्नी आणि घड्याळाचा चिमटा आला. मुंबई-पुण्यास छापखाने वाढले तेव्हा काही घरे पुस्तकबांधणीत शिरली. विचार केला तर हा बदल फार दूरचा नव्हता. आत कठीण पुठ्ठा, वर भिजविलेले चामडे किंवा कापड, खळ, मेणाचा दोरा आणि कडा तासण्याची रापी, साहित्य तेच. पूर्वी हा हात तलवारीचा कोश बांधीत होता, तो आता शब्दांचा कोश बांधू लागला.

ज्या ज्ञातीचा मुख्य धंदा एका पिढीत बुडतो आणि तरीही जी भीक न मागता दहा नव्या धंद्यांत शिरते, तिच्या बुद्धीविषयी निराळे प्रशस्तिपत्र नको.

नावातले जीन

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेखप्रपंच केला त्याकडे वळतो. त्याच गॅझेटिअरमध्ये आपल्या ज्ञातीची उत्पत्तिकथा दिलेली आहे. ती ब्रह्मांडपुराणातील म्हणून सांगितलेली आहे. शंकराच्या घामाच्या थेंबापासून मौक्तिक किंवा मुक्तदेव जन्मला, त्याने दैत्याचा पराभव केला, त्याचे आठ पुत्र पुढे ऋषीच्या शापाने राज्यभ्रष्ट झाले आणि शंकराच्या कृपेने आर्यक्षत्रिय या नावाने आठ व्यवसाय करू लागले, असा तिचा सारांश आहे. व्यवसायही सांगितले आहेत. चित्रकार, सुवर्णकार, शिल्पकार, पटकार, रेशमाचे काम करणारे, लोहार, मातीचे काम करणारे आणि धातू व माती यांचे काम करणारे.

ही यादी वाचकांनी पुन्हा एकदा वाचावी. हिच्यात सोने आहे, रेशीम आहे, लोखंड आहे, मातीसुद्धा आहे. जीन नाही आणि म्यान नाही. ज्या वस्तूवरून ज्ञातीला नाव मिळाले, नेमकी तीच वस्तू ज्ञातीच्या कथेत नाही.

असे का झाले असावे याचे उत्तर त्याच पृष्ठांत सापडते. जीन करताना चामड्यास स्पर्श होतो, म्हणून लोक जिनगरांना कमी लेखीत आणि पुण्याच्या न्हाव्यांनी त्यांची हजामत करण्याचे नाकारले होते, असा उल्लेख तेथे आहे. ज्याच्या हातच्या जिनावर सरदार बसत होता आणि ज्याच्या हातचे म्यान देवघरात पूजेला लागत होते, त्याच्या डोक्याला न्हावी वस्तरा लावीत नव्हता. जिनावर बसणाऱ्याला चामड्याचा विटाळ नव्हता, करणाऱ्याला होता. या अन्यायापुढे आपल्या पूर्वजांनी जी वाट धरली ती समजण्यासारखी आहे. त्यांनी क्षत्रियत्वाचा अभिमान पुढे केला आणि चामड्याचे नाव मागे टाकले. इंग्रजी अमदानीतील जनगणनांच्या काळी देशभर अनेक ज्ञातींनी आपली नावे बदलून घेण्याचे अर्ज केले. तो त्या काळाचाच ओघ होता. मुलाला शाळेत आणि मुलीला सासरी खाली मान घालावी लागू नये, एवढीच त्या माणसांची इच्छा होती. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु त्या वाटेने जाताना दोन गोष्टी आपल्या हातून निसटल्या. पहिली म्हणजे आपल्या श्रेष्ठ कारागिरीची आठवण. मूर्तिकार आजोबांचे नाव आपण घरोघर सांगतो. म्यान करणाऱ्या पणजोबांचे काम मात्र ‘लष्करात काहीतरी होते’ एवढ्यावर संपवितो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या हाती येणारे चामडे आकाशातून पडत नव्हते. मेलेल्या जनावराचे कातडे सोलणे, चुन्यात घालून केस काढणे, तरवड व बाभळीच्या सालीच्या आणि हिरड्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरविणे, ही अत्यंत कष्टाची व दुर्गंधीची कामे इतरांनी केली. ढोर व चर्मकार समाजांतील कारागिरांनी ते चामडे कमावले, तेव्हा आपल्या रापीला काम मिळाले. न्हाव्याने ज्या कारणासाठी आपल्याला दूर लोटले, त्याच कारणासाठी आपण त्यांना दूर लोटले. आपल्यावरील अन्याय आपण अर्ज करकरून सांगितला. आपल्या हातून झालेला सांगितला नाही. अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या कलमाने २६ जानेवारी १९५० पासून नष्ट झाली आहे. कायद्याने जे केले ते मनाने करावयाचे असेल, तर त्याचा आरंभ आपल्या ज्ञातीच्या इतिहासात त्या हातांचे ऋण नमूद करण्यापासून व्हावा.

काय करावे

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. १९३१ नंतरच्या कोणत्याही जनगणनेत देशातील सर्व ज्ञातींचे आकडे प्रसिद्ध झालेले नाहीत. २०२७ च्या जनगणनेत ज्ञातींची गणना करण्यात येईल असे केंद्र शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. आपल्या तरुणांना आपण कोण, हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल आणि ते तो आपल्याला विचारतील. त्यांना नुसती पुराणकथा सांगून भागणार नाही. कथा अवश्य सांगावी. तिच्याबरोबर कामही सांगावे.

यासाठी अल्पमतीस सुचणाऱ्या तीन गोष्टी ज्ञातिबांधवांपुढे ठेवतो. पहिली, ज्यांच्या घरी जुनी रापी, आरी, सरसाचे भांडे, ठसे किंवा एखादे मोडके म्यान, जीन वा पडदळे माळ्यावर पडले असेल, त्यांनी ते भंगारात देऊ नये. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे म्हणजे अडकित्ता आणि दिवा यांसारख्या घरगुती वस्तूदेखील नीट जपल्या तर इतिहास होतात, हे पटेल. दुसरी, वृद्धांच्या तोंडी या कामाचे जे शब्द उरले आहेत ते वहीत टिपून घ्यावेत. हत्यार गंजले तरी घासता येते. शब्द गेला की तो परत येत नाही. तिसरी, आपल्यापैकी ज्या तरुणांना हस्तकौशल्याची आवड आहे त्यांनी हे काम हौसेने का होईना, पण शिकावे. शेतात, रानात आणि गिर्यारोहणात कुऱ्हाड व कोयता आजही लागतो आणि त्याला चांगली गवसणी लागते. चामड्याच्या हातशिवणीच्या वस्तूंना शहरांतून चांगली किंमत मिळते. ज्या टाक्यावर आपल्या पूर्वजांचा उदरनिर्वाह चालला तो टाका शिकण्यात कमीपणा कसला?

कुऱ्हाडीच्या गवसणीत धारेसमोर जी पट्टी असते तिचा उल्लेख वर केला आहे. ती बाहेरून दिसत नाही, तिच्यावर नक्षी नसते, आणि धारेचा सारा मार तीच सोसते. समाजाच्या घडणीत कारागिरांच्या ज्ञातींनी अशा पट्टीचे काम केले. ते काम हलके नव्हते. त्याला हलके ठरविणारी दृष्टी हलकी होती. आपल्या नावात जीन आहे, आणि ते काढून टाकण्याचे कारण आता उरलेले नाही. येत्या खंडेनवमीला आपल्या घरच्या पूजेत लेखणी, कुंचला, संगणक जे काही मांडावयाचे ते अवश्य मांडावे. त्यांच्या शेजारी एक रापी आणि एक आरीही मांडावी.